आठवा ठोका

बसा रे, दिवे काही इतक्यात येत नाहीत. खाली मीटरपाशी जो गेलाय तो फ्यूज शोधत नाहीये, आधी टॉर्च शोधतोय. तोवर हे हेडफोन खुंटीला लावा. ती खुर्ची नको घेऊस, तिचा पाय करकरतो आणि मग माझं सांगण्यात लक्ष राहत नाही.

मघाशी तू म्हणालीस ना, "काका, एवढं ऐकत कशाला बसायचं, सॉफ्टवेअर एका झटक्यात सगळे ठोके सरळ करतं." करतं की. मी कुठे नाही म्हणतोय? पण असा एक ठोका सरळ करणारा माणूस मी बघितला आहे. त्याची गोष्ट सांगतो. ऐकीव नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः त्याच्या खोलीत उभा होतो.

आम्ही सगळे त्याला काट्या म्हणायचो. अंगाने काटकुळा म्हणून नव्हे, तसा चांगला गुबगुबीत होता. घड्याळाच्या काट्यासारखा काटेकोर, म्हणून काट्या. पाच वाजता बोलावलं आणि तुम्ही पाच वाजून दोन मिनिटांनी पोचलात, तर तोंडाने काही बोलायचा नाही. फक्त भिंतीवर बघायचा. मी तेव्हा गावातल्या सगळ्या स्टुडिओंची यंत्रं दुरुस्त करत फिरायचो, तेवढ्यावरून आमची ओळख.

त्याचं काम म्हणजे तुम्ही करता तेच. कुणी ड्रम वाजवून पाठवायचं, कुणी टाळ्या, कुणी नुसता दार आपटल्याचा आवाज. प्रत्येकाचा वेग निराळा, गाण्याचा वेग ठरलेला. मग तो तुकडा थोडा ताणायचा, नाहीतर आवळायचा, आणि एकेक ठोका पडद्यावरच्या उभ्या रेघेवर आणून बसवायचा. ताणल्याचं कानाला कळता कामा नये. यात काट्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या ताईला मात्र हे काम कधीच कळलं नाही. टेम्पो जुळवतो म्हटल्यावर तिने विचारलं होतं, कुणाचं सामान हलवायचंय.

ही ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आईवडील लवकर गेले, तिनेच त्याला वाढवलं. तिच्या लग्नानंतर भाऊजींनीही त्याला पाठच्या भावासारखं सांभाळलं. पहिला लॅपटॉप भाऊजींनीच घेऊन दिला. नको, परवडणार नाही, असं हा म्हणत असताना दुकानात नेऊन घेऊन दिला. भाऊजी डब्यांची झाकणं करणाऱ्या कारखान्यात होते. तीन नंबरच्या प्रेसवर. ही प्रेस म्हणजे वर माणसाएवढं चाक सतत फिरत असतं आणि खाली लोखंडी साचा. साच्यात पत्र्याची गोल चकती ठेवायची, हात मागे घ्यायचा, पायाने पायडल दाबायचं. वरून ठोकळा येतो… ठक्क. झालं झाकण.

तर एका संगीतकाराला आपल्या गाण्यात कारखान्याचा खराखुरा ठोका हवा होता. विकतचे आवाज ऐकून त्याला कंटाळा आला होता. काट्या म्हणाला, माझ्या घरातच कारखाना आहे, मी आणतो. आणि एका शनिवारी दुपारी चार वाजता रेकॉर्डर घेऊन गेला. भाऊजींची तेव्हा दिवसपाळी होती. फोरमनची परवानगी काढली, माईक साच्याजवळ धरला आणि चार मिनिटं अकरा सेकंद भाऊजींचं काम जसंच्या तसं टिपून घेतलं.

ऐकतानाच त्याच्या लक्षात आलं, की सात ठोके अगदी एका अंतराने पडतात आणि आठवा रेंगाळतो. पुन्हा सात नीट, आठवा उशिरा. त्याने भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, सात झाकणं झाली की साच्यात पत्र्याचा कीस साठतो, तो तेलाच्या चिंधीने पुसावा लागतो. पुसताना हात मनगटापर्यंत साच्यात जातो.

"तो ठोका उशिराच पडायला हवा रे," भाऊजी हसत म्हणाले.

काट्याने मान डोलावली आणि घरी येईपर्यंत विसरूनही गेला.

नोव्हेंबरातला दुसरा बुधवार. रात्र. भाऊजींची पाळी त्या आठवड्यात बदलली होती, रात्री दहा ते सकाळी सहा. काट्याला गुरुवारी सकाळी नऊला गाणं द्यायचं होतं. त्याचा स्टुडिओ म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. एक खिडकी, एक टेबल, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. कारखाना तिथून स्कूटरने वीस मिनिटं, कारण मध्ये मोठा नाला आणि पुलाला वळसा. पण रात्री तिथला भोंगा हवेतून सरळ यायचा, शेजारच्या गच्चीवर वाजल्यासारखा. बारा वाजून दहा मिनिटांनी काट्याने आतून कडी लावली आणि शनिवारचा आवाज उघडला.

गाण्याचा वेग मिनिटाला अठ्ठ्याऐंशी. भाऊजींचे ठोके मिनिटाला त्रेचाळीसच्या आसपास. म्हणजे किंचित आवळलं की दर दोन मात्रांना एक ठोका चपखल बसणार. सात ठोके त्याने सहज बसवले. आठवा रेघेच्या बराच पुढे लोंबत होता. त्याची खूण धरली, मागे ओढली, रेघेवर ठेवली. पुढच्या आठव्याचंही तसंच. असे वीस-एक होते. सगळे ओढून झाल्यावर पहिल्यापासून ऐकायला बसला.

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात… आठवा उशिरा.

त्याला वाटलं, साठवायला विसरलो. पुन्हा ओढले. पुन्हा ऐकलं. आठवा उशिरा. पडद्यावर पाहिलं तर सगळ्या खुणा आपापल्या जुन्या जागी. मला नंतर तो म्हणाला, की तिसऱ्या खेपेला त्याने खूण रेघेवर ठेवली आणि नजर हलवलीच नाही. ती खूण सावकाश, अगदी मुंगीच्या चालीने, उजवीकडे सरकायला लागली.

तुम्ही-आम्ही असतो तर लॅपटॉप मिटून घरी गेलो असतो. पण तो काट्या. त्याला भीती वाटली नाही, राग आला. आपलं कुणी ऐकत नाही म्हटल्यावर येतो तसा. त्याने ते आठवे ठोके कापून सुटे केले, एकेक नव्याने रेघेवर चिकटवला आणि वरून कुलूप लावलं, सॉफ्टवेअरमध्ये असतं ना तसं, म्हणजे काही हलायला नको. एक पन्नासला काम झालं. ऐकलं. आठही ठोके एका ओळीत. खट, खट, खट, कुठे फट नाही. तो स्वतःशीच हसला, थर्मासमधला चहा ओतून घेतला आणि ते चार मिनिटांचं पुन्हा पुन्हा वाजत ठेवलं.

त्याची एक सवय होती. हेडफोन एकाच कानावर ठेवायचा, डाव्या. उजवा कान मोकळा.

बरोबर दोन वाजता भोंगा झाला. रात्रपाळीची जेवणाची सुट्टी दोनला संपते, लोक मशीनवर परततात, त्याचा भोंगा. खिडकीतून आला, उजव्या कानाला ऐकू आला. रोजचाच.

पण तो डाव्या कानालाही ऐकू आला.

हेडफोनमधून.

आता नीट ऐका. आवाज टिपला होता शनिवारी. दुपारी चारला. चार मिनिटं अकरा सेकंद, आणि त्यात भोंगा नव्हता, त्याने तो तुकडा त्या रात्री दहा वेळा तरी ऐकला होता. त्याने हेडफोन काढला. भोंगा बाहेर. हेडफोन लावला. भोंगा आत. दोन्हीकडे एकाच क्षणी थांबला.

मग हेडफोनमध्ये चाक घरघरलं. कुणीतरी खाकरलं. भाऊजी. त्यांचं खाकरणं तो वीस वर्षं ऐकत आला होता.

ठक्क. ठक्क. ठक्क…

त्याने बंदचं बटण दाबलं. पडद्यावरची फिरती रेघ थांबली. आवाज थांबला नाही.

पाच. सहा. सात. चिंधीचा आवाज आला, ओल्या कापडाची सर्र… आणि आठवा ठोका रेघेवर पडला. वेळेवर. बिनचूक.

आणि लगेच श्वास. आत ओढलेला, अर्ध्यात अडकलेला. भाऊजींचा.

मग काही नाही. चाक फिरतंय. फक्त चाक.

काट्या म्हणाला, तेवढ्या वेळात मी म्हातारा झालो. मग पुन्हा ठक्क झालं. पहिला. हात होता. हात शाबूत होता. पण पुढचा आठवा ठोका बारा सेकंदांवर आला होता. त्याने कुलूप काढलं, खुणा उलट फिरवायचं बटण दाबलं. खुणा जुन्या जागी गेल्या… आणि परत सरकू लागल्या. डावीकडे. रेघेकडे. आता त्यांनाच सरळ बसायचं होतं.

त्याने माऊसने आठवी खूण पकडली आणि धरून ठेवली.

खूण ओढत होती. माऊस हाताखालून निसटू बघत होता. चिंधी वाजली, सर्र… सर्र… थांबली. हात बाहेर आला असणार. त्याने खूण सोडली.

ठक्क.

असं चालतं तर. धरायचं, चिंधी थांबेपर्यंत. मग सोडायचं.

दर मिनिटाला चार वेळा, कधी पाच वेळा. आणि पाळी सुटायची सहाला.

मधे कुणीतरी विचारायच्या आत सांगतो, फोन केला त्याने. डाव्या हाताने. कारखान्यात मोबाइल फाटकावरच्या पेटीत ठेवून घेतात, म्हणून वॉचमनला लावला. दोनदा नुसता वाजून बंद पडला. तिसऱ्यांदा वॉचमनने उचलला. काट्याने सांगितलं, तीन नंबर बंद करायला सांगा, ताबडतोब. वॉचमन म्हणाला, मला मशीनपाशी जायची परवानगी नाही, फोरमन आले की निरोप देतो. मग जरा थांबून आपुलकीने म्हणाला, पाणी पिऊन झोपा. तेवढ्यात फोन बंद पडला. बॅटरी. चार्जर होता खोलीत, पण दाराजवळच्या प्लगला. सहा पावलं. माऊसची वायर दीड हात.

आणि स्वतः जावं तर वीस मिनिटं. वीस मिनिटांत आठवा ठोका किती वेळा पडला असता, हा हिशेब काट्याइतका पटकन कुणाला आला असता? त्याने तो केला आणि बसून राहिला.

अडीच वाजले.

त्याने पुढ्यातला चहा प्यायला नाही. दोन्ही कानांवर हेडफोन. डोळे खुणेवर. पाच, सहा, सात, धर. सर्र. सोड.

पावणेतीन. मनगट दुखायला लागलं.

तीन वाजून गेल्यावर त्याला ते पहिल्यांदा ऐकू आलं. ठोक्यांच्या मधे. कुणीतरी मोजत होतं.

"…पाच… सहा… सात…"

हलकं. घसा कोरडा पडलेल्या माणसाचं. भाऊजींचा आवाज नव्हता. भाऊजी काम करताना मोजत नाहीत, हात मोजतात म्हणायचे. हा दुसराच कुणीतरी होता, माइकच्या अगदी जवळ.

माइक तर त्या रात्री तिथे नव्हताच.

"…सहा… सात…"

आणि मग शांतता. आठवा तो कधीच उच्चारायचा नाही.

 हाच तो, जो ठोके सरळ करतोय, असं काट्याला वाटलं. तो आवाज ऐकायचा नाही म्हणून त्याने मोठ्याने गाणं म्हणायचा प्रयत्न केला, तर चिंधी ऐकू येईना. एक ठोका जवळजवळ हुकला. गप्प बसला.

साडेतीन. चार.

मोजणं चालूच. काट्याला कळलंही नाही, कधी तो त्या मोजण्यावर टेकला. सात ऐकलं की हात आपोआप धरायचा. चूक व्हायची नाही. खोलीत आपण दोघं आहोत असं वाटायला लागलं. मागे वळून बघायचं धाडस झालं नाही… आणि वेळही नव्हता.

साडेचार.

हात आता त्याचा नव्हता. कोपरापर्यंत लाकूड.

पाच वाजले. खिडकीत अजून काळोख.

पाच वीस. हे त्याला आठवतं, कारण पडद्याच्या कोपऱ्यात पाच वीस दिसले होते. पाच… सहा… सात… धरलं. सर्र. सोडलं. पाच… सहा…

भोंगा.

दोन्ही कानांत भोंगा.

त्याने डोळे उघडले. गाल टेबलावर. हात मांडीवर पडलेला. सहा वाजले होते.

चाळीस मिनिटं.

तो कसा उठला, कडी कशी काढली, त्याला आठवत नाही. दार ओढून घेतलं, कुलूप लागलं. जिन्यावरून उतरताना दोनदा पडला. पुलावर स्कूटर किती जोरात नेली ते सांगायला नको. फाटकापाशी पोचला तेव्हा रात्रपाळीचे लोक पांगायला लागले होते. तो एकेकाचे हात बघत होता. तोंडं नाही, हात.

भाऊजी सगळ्यात शेवटी आले. डबा एका हातात, सायकल दुसऱ्या.

दोन हात होते. दहा बोटं.

काट्या तिथेच कट्ट्यावर बसला. भाऊजींनी सायकल उभी केली आणि आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप आहे का म्हणून. मग त्याने सगळं सांगितलं, तुटक तुटक. भाऊजींनी मधे एकदाही थांबवलं नाही.  मग म्हणाले, दोननंतर आठव्याला पायडल आपसूक खाली गेलं. पहिल्यांदा चिंधीचा कोपरा साच्यात चेपला, हात वाचला. वाटलं, पाय झोपेत उतरला असेल. फोरमनला सांगितलं तर तो म्हणाला, सकाळी मिस्त्री बघेल. त्यानंतर मात्र पायडल पायाने दाबूनही खाली जाईना, हात पुरता बाहेर येईपर्यंत. जसं कुणीतरी खालून धरलंय.

"तो मीच होतो," काट्या म्हणाला.

"हो. पण पहाटे तू नव्हतास."

काट्याने त्यांच्याकडे पाहिलं.

भाऊजी म्हणाले, पाचच्या पुढे ठोका फारच उशिरा पडायला लागला. हात बाहेर काढला, चिंधी ठेवली, नवी चकती साच्यात ठेवून उभा राहिलो, तरी पायडल उतरत नव्हतं. वाट बघायला लावत होतं.

"इतकं थांबणारा एकच माणूस मी बघितला," ते म्हणाले. "ज्याने मला मशीन शिकवलं, तो डावखुरा… त्याला जाऊन सहा वर्षं झाली."

आणि त्यांनी सायकल हातात घेतली. 

दहा वाजता भाऊजींच्या मोबाइलवरून काट्याचा मला फोन आला. गाणं दिलंच नव्हतं, संगीतकाराने त्याला काय काय ऐकवलं ते सोडा. त्याला एकट्याला त्या खोलीत जायचं नव्हतं. मी पोचलो तेव्हा दोघं जिन्यात बसले होते. भाऊजी झोपायला घरी गेलेच नव्हते. ताईला काय सांगायचं, हे दोघांना ठरवता येत नव्हतं. शेवटी तिला काहीच सांगितलं नाही, आजतागायत.

कुलूप मी काढलं. खिडकी आतून बंद होती, मी बघितली. लॅपटॉप तसाच चालू. कीबोर्डवरचं बटण दाबून तो तुकडा मी ऐकला. चार मिनिटं अकरा सेकंद. सात ठोके आणि आठवा उशिरा, शनिवारी होता तसा. भोंगा नाही, मोजणं नाही. लॅपटॉप तपासला, हेडफोन उघडून पाहिला, त्याची वायर पाहिली. कशात काही दोष नव्हता. मी तसं सांगितलं आणि काट्याचा चेहरा थोडा मोकळा झाला. तो म्हणाला, चला, मग थकव्यानेच झालं असेल. आणि लॅपटॉप बंद करायला म्हणून त्याने टेबलावर उजवीकडे हात टाकला.

हात नुसत्याच लाकडावर पडला.

माऊस तिथे नव्हता.

तो कीबोर्डच्या डाव्या बाजूला होता. वायर लॅपटॉपच्या मागून फिरवून, नीट गुंडाळी सोडवून, डाव्या हाताला पुरेल अशी आणलेली. काट्या उजव्या हाताने काम करतो. मीही.

आणि माऊसच्या कडेला काळ्या तेलाचा अंगठा उमटला होता. मोठा, रुंद. यंत्राच्या तेलाचा वास खोलीभर होता, तो आम्हाला तेव्हा कळला.

काट्याने पुसायला रुमाल काढला. भाऊजींनी त्याचं मनगट धरलं.

मी बोट लावून पाहिलं…

तेल अजून कोमट होतं.